डोक्यावरचं ओझं आणि शून्य कार्य

१८ ऑगस्ट, सोमवार
एफ.वाय. बी.एस्सी.ला फिजिक्सचं कार्य-ऊर्जा संपवलं. "समजलं का?" "हो मॅडम!" एका सुरात. दरवर्षी हेच, अन् दरवर्षी निम्मा वर्ग या पेपरात आडवा.
संध्याकाळी घरी कटकट केली. पोरं अभ्यासच करत नाहीत वगैरे. आमचे हे जालन्यात बियाणे कंपनीत, क्वालिटी तपासणीला. म्हणाले, "लॉट उगवला न्हाई तर आम्ही बियाण्याला शिव्या देत न्हाई. कुठं बिघडलं ते बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मंग परत तपासायचं."
राग आला. पण डोक्यातून जाईना.

२० ऑगस्ट
एकच बदल. सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "समजलं न्हाई त्यांनी हात वर करा."
आधी खसखस. मग एक हात. मग जवळपास सगळेच. पहिल्या बाकावरचा हुशार अनिकेतसुद्धा.
मिटलेले डोळे अन् वर गेलेले हात. खडू धरून नुसती उभी राहिले. पहिल्यांदा खरं बोलली पोरं माझ्याशी.

२६ ऑगस्ट
एचओडी सर : "मॅडम, हे कॉलेज आहे, कारखाना नाही. पोर्शन कधी संपवणार?" बराबर आहे त्यांचं. मागे पडलेय.
तरी दुसरा बदल. मी गप्प, दोघादोघांनी एकमेकांना समजावायचं, घरी बोलतो त्या भाषेत. नुसता गोंगाट! पुन्हा डोळे मिटून तपासलं. हात बरेच कमी. पण 'कार्य' या शब्दाशी अजून अडतात. का, ते कळेना.

२ सप्टेंबर
आज कळलं. सुजातामुळं. अंकुशनगरची, आईवडील ऊसतोड कामगार. मेकॅनिक्सचा पेपर राहिलाय म्हणून पुन्हा एफ.वाय.ला येऊन मागे बसते. कधी तोंड उघडलं नव्हतं. आज उठून उभी.
"मॅडम, डोक्यावर ओझं घेऊन सपाट चाललं तर कार्य शून्य, असं पुस्तकात हाय. माझी माय दिवसभर उसाच्या मोळ्या वाहती. ते शून्य कसं? तिथूनच माझं मन उडालं बघा."
मग दोघं-तिघं पुटपुटले, "आमचं बी तसंच."
एवढा मोठा प्रश्न घेऊन ही पोरगी मागच्या बाकावर... पुस्तकातलं उत्तर होतं माझ्याकडे. द्यावंसं वाटलं नाही.

४ सप्टेंबर
तिसरा बदल : वर्ग व्हरांड्यात. पाण्याचे जार डोक्यावर. आधी सपाट चालणं, मग जिना. धापा, हसणं, भांडणं.
अनिकेत : "सपाटीवर जाराला काहीच मिळालं न्हाई. जिन्यावर उंची मिळाली."
सुजातानं जार खाली उतरवला. "म्हंजी शून्य हाय ते ओझ्यासाठी. मायसाठी न्हाई. तिची ताकद तिच्या अंगातच खपती, घामात जाती. अन् फळीवरून मोळी गाडीत चढवती, तवा कार्य."
फळ्यावर मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. हे असं, समोर, एखाद्याच्या चेहऱ्यावर उजाडताना... शिकवते मी, पण पाहिलं नव्हतं कधी. जिन्याकडे तोंड करून डोळे पुसले.

१३ ऑक्टोबर
सुजाताचे वडील आल्ते. "जयभीम मॅडम." हंगाम तोंडावर. पेपर पुन्हा राहिला तर तिला तोडीला न्यायचं ठरलंय, टोळीच्या मुकादमाला शब्द दिलाय. "त्येच वर्ष किती येळा करायचं, तुम्हीच सांगा."
ती खाली बघत.
"दादा, पेपर होऊ द्या," मी म्हणाले.
"होऊ द्या," म्हणाले. एवढंच.

१२ नोव्हेंबर
तिचा पेपर. मी गेटपाशी थांबले होते. चेहऱ्यावरून काही कळेना. निकाल कधी, कुणालाच माहीत नाही.
"एक गणित चुकलं मॅडम." मग हसली. "पण कुठं चुकलं ते बाहेर येता येता सापडलं. घर्षण उलटं ओढतं ना, तिथं ऋण घ्यायचं होतं."
अन् तिथंच, धुळीत काटकीनं बाण काढून मला समजावायला लागली. वडील तिला घरी न्यायला आलेले, मोटारसायकल चालू ठेवून उभे. हाक मारतील असं वाटलं.
त्यांनी गाडी बंद केली. जवळ आले अन् त्या बाणांकडे बघत ऐकत राहिले.