भिवटोल्याचा पहिला नगराध्यक्ष

१ डिसेंबर १९९६, माउंट वेलिंग्टन
पत्र आलं! थेट मायदेशातून, भिवटोल्याहून! नगरपरिषदेला जानेवारीत पंचवीस वर्षं होतात. पहिला नगराध्यक्ष म्हणून माझा सत्कार — 'वहिनींसह अवश्य यावे.' तीनदा वाचलं. डोळे भरून आले.

२ डिसेंबर
सुशांत म्हणाला, "बाबा, तिकिटं माझ्याकडे लागली. फक्त हार्ट सांभाळा." शेवटी मुलगा डॉक्टर! श्यामला भाजी चिरत राहिली.

५ डिसेंबर
नात ऋग्वेदा विचारते, "आजोबा, मेयर — लाइक, विथ अ गोल्ड चेन?" कसली चेन! माझ्या गळ्यात शिट्टी असायची. राज्याच्या सीमेवरचं, जंगलाच्या तोंडाशी असलेलं गाव. धड रस्ता नाही, दिवे नाहीत, सगळ्यांत मिळून एक विहीर. पहाटे शिट्टी मारून मीच रांग लावायचो. काय दिवस होते ते!
मग पाइपलाइन आणली. पहिला नळ मजुरांच्या वस्तीत, नगराध्यक्षाच्या घरी सगळ्यात शेवटी — यादी मीच केली, सभेत वाचून दाखवली. टाळ्या थांबेनात! आमच्याकडे नळ यायला चार वर्षं लागली. लोक अजून सांगतात म्हणे.
"सो हू गॉट युअर वॉटर?"
"तुझी आजी."
"ओह. हेवी." आणि पळाली खेळायला.

९ डिसेंबर
श्यामला म्हणते, "तुम्ही जाऊन या. मी नाही येत." गुडघे दुखतात म्हणे. रोज कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत किराण्याला चालत जाते ती! मी चिडलो. तिच्याशिवाय कसला सत्कार?

१० डिसेंबर
अबोला.

१२ डिसेंबर
भाषण लिहून झालं. तिला वाचून दाखवलं. शेवटच्या नळापाशी आलो तर म्हणाली, "अहो, तेवढं गाळा." अगं, तेच तर खरं भाषण! ती उठून आत गेली.

१३ डिसेंबर
सकाळी चहा देताना स्वतःहून बोलली. पाइपलाइनच्या उद्घाटनाला ती आली नव्हती, ताप आहे म्हणाली होती. ताप नव्हता. विहिरीवरून भरलेले हंडे आणताना वाटेतच पोट पडलं. तिसरा महिना होता. शेजारच्या सुलेखाबाईंनी सगळं निस्तरलं.
"तुम्ही गळ्यात हार घालून आलात. इतके खूश होतात! काय सांगणार?"
यादी करताना मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.