हिच्या डिस्कची जागा

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
ठरलं. हिचा कॉम्प्युटर मी स्वतः नव्याने जोडणार. डबा जुनाच, आतले पार्ट सगळे नवे. ही बहिणीकडे गेली आहे तोवर उरकून टाकायचं. आली की बघतच राहील.

बहिणीचा गुडघा दुखतो, मदतीला जाते, असं सांगून गेली. दोन महिने होत आले. गुडघा चिवट दिसतो.

जोडणीला कितीसा वेळ लागणार? पॅकिंग खात्यात सुपरवायझर म्हणून माझा जन्म गेला. कोणती वस्तू कोणत्या खोक्यात बसेल ते मी लांबून सांगतो. कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, पत्र्याचं खोकंच.

दुपार.
टेबलाखालून डबा ओढला, झाकण काढलं. आत धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि डिस्कचा कप्पा रिकामा. जाताना हिनेच डिस्क सोडवून नेली. चादरींच्या छपाईसाठी ही फुलापानांची डिझाइनं करून देते, ती सगळी त्या डिस्कवर. डिस्कचे स्क्रू मात्र एका वाटीत घालून टेबलावर ठेवलेत.

आधी कप्प्यात हात घालून पुन्हा चाचपलं. मग शांतपणे विचार केला. कायमचं जाणारं माणूस स्क्रू कशाला सांभाळून ठेवेल? म्हणजे डिस्क परत येणार आणि ह्याच कप्प्यात बसणार. डिस्क काही चालत येणार नाही, ही घेऊन येणार. एकदम हलकं वाटलं. छान झोप लागली.

३ नोव्हेंबर, सोमवार.
लेकीचा फोन. ती नोकरीच्या गावी असते. तिला प्लॅन सांगितला. म्हणाली, बाबा, मशीन राहू द्या, तुम्ही एकदा मावशीकडे जाऊन आईशी बोला. म्हटलं, रिकाम्या हाताने जाऊन काय बोलू? आधी मशीन. तिकडून फोन कट झाला. नेटवर्क गेलं असावं.

नोंद असावी म्हणून लिहितो. कॉम्प्युटर बंद पडला तो गेल्या वर्षी. ही म्हणाली, मेकॅनिकला बोलवू, माझी कामं अडलीत. मी म्हटलं, मेकॅनिक कशाला, मी आहे ना, रविवारी बघतो. त्यानंतर रविवार बरेच आले हे मान्य. पण रविवारी माणसाला दुसरी कामं नसतात का? हिला मुळात धीर कमी.

८ नोव्हेंबर, शनिवार.
पार्ट आणले. पार्टवाला विचारतो, काका, जुन्या डब्याची आतून मापं घेतलीत का? मला हसू आलं. डबा मी टेपने बाहेरून मोजून गेलो होतो. चांगला ऐसपैस आहे. दुकानातलं सगळ्यात लांब ग्राफिक्स कार्ड घेतलं. तो म्हणाला, फुलंपानं काढायला एवढं नाही लागत. हिची फुलं त्याने कुठे बघितलीत?

शिवाय त्याने विंडोज घातलेली एक पातळ डिस्क गळ्यात मारली. ती म्हणे थेट मदरबोर्डवरच बसते, कप्पा लागतच नाही. घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये टाकली. आपल्याकडे डिस्क आहे. फक्त सध्या बाहेरगावी आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
संकल्प: जेवायच्या आत मशीन सुरू.

दुपार.
मदरबोर्ड बसवला, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. मग रिकाम्या खोक्याच्या तळाशी एक पत्र्याची पट्टी सापडली. ती डब्याच्या मागच्या खिडकीत बसवायची असते. मदरबोर्डच्या आधी. सगळं परत सोडवलं. पट्टी बसवताना बोट कापलं. घरात जखमेवरची चिकटपट्टी कुठे असते ते हिलाच माहीत, म्हणून पॅकिंगची टेप लावली.

संध्याकाळ.
पट्टी बसली होती, पण उलटी. पुन्हा सगळं सोडवलं. असो, आता हात बसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
समोरच्या बटणाच्या वायरी राहिल्या होत्या. त्यांच्यावरची अक्षरं मुंगीएवढी. ड्रॉवरमध्ये हिचा जुना चष्मा मिळाला. लावला, तर सगळं स्वच्छ दिसलं. चष्मा काय कुणी विसरून जातं? मुद्दाम ठेवला असणार.

उत्साहात हिला फोन केला. गुडघ्याची चौकशी केली. गुडघा केव्हाच बरा झाला म्हणे. मग ही सावकाश काहीतरी सांगायला लागली, पण मला आधी पट्टीची गंमत सांगायची होती. शेवटी म्हणाली, रविवारी येते. येते म्हणाली! शिलाई मशीनचं आणि टेम्पोचंही काही म्हणत होती. दोन महिन्यांचं सामान परत आणायचं म्हणजे टेम्पो लागणारच.

आज जेवण दोन घास जास्त गेलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
कार्ड बसत नाही. पुढून डिस्कचा कप्पा आडवा येतो. कार्ड तिरकं घालून पाहिलं, मागून घालून पाहिलं, गोडीगुलाबीने पाहिलं. पार्टवाल्याला फोन केला. म्हणाला, काका, तो कप्पा स्क्रूवर असतो, काढून टाका, रिकामाच तर आहे.

फोन ठेवला. रिकामा नाही तो. ती हिच्या डिस्कची जागा आहे. उद्या डिस्क घेऊन ही आली आणि कप्पाच नसला, तर काय तोंड दाखवू?

पॅकिंगवाल्याला मार्ग सापडतोच. कार्ड अर्धवट खोचलं, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. झाकण लागत नाही, पण हवा खेळती राहील.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
घर झाडलं. हिची खुर्ची पुसली. दूध जास्तीचं आणलं. वाटी डब्याशेजारी ठेवली. स्क्रू आहेत तेवढेच आहेत.

दुपार.
येऊन गेली.

टेम्पोवाला खाली थांबला होता. हिला आधी खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळीच. डबा मात्र पीं पीं करत राहिला. ही शांतपणे बघत होती. मी म्हटलं, काही नाही, फक्त डिस्कचं अडलंय, आणलीस ना?

म्हणाली, "ती डिस्क केव्हाच टाकून दिली हो. मेकॅनिकने आतलं सगळं माझ्या लॅपटॉपवर घालून दिलं."

हिने लॅपटॉप घेतलाय हे मला माहीत नव्हतं. विचारलं, मग स्क्रू का जपून ठेवलेस?

"हरवले असते, तर तुम्ही शोधत बसला असता."

मी वाटीतले स्क्रू पुन्हा मोजले. मग ही म्हणाली, "मी आता परत येणार नाही. बुधवारी फोनवर सांगायला घेतलं. तुम्ही मध्येच मशीनचं काढलंत."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी म्हटलं, चहा घेशील ना, दूध जास्तीचं आणलंय. घेतला. माझ्या बोटाची टेप सोडवली, कपाटाच्या वरच्या खणातून चिकटपट्टी काढून लावली. चिकटपट्ट्या तिथे असतात तर.

ही न्यायला आली होती ते शिलाई मशीन. टेम्पोवाला नुसतं उचलून निघाला होता. त्याला थांबवलं. चारही कोपऱ्यांना पुठ्ठा लावला, चाकाला जुनी चादर गुंडाळली, दोरी दोन्हीकडून आवळली. असं बांधलं की गाडी उलटली तरी ओरखडा येणार नाही. टेम्पोवाला म्हणाला, काका, पॅकिंग एक नंबर. ही जिन्यात उभी राहून बघत होती. डोळे पुसत होती, की जिन्यातली धूळ, कोण जाणे. धूळ नव्हती. जिना मीच सकाळी झाडला होता.

टेम्पो गेला. कप विसळले.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
रजा टाकली.

कप्पा काढला. स्क्रू सैल होते, हाताने निघाले. कार्ड एका दमात बसलं. ड्रॉवरमधली पातळ डिस्क काढून मदरबोर्डवर लावली. झाकण लागलं. बटण दाबलं आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काही आवाज नाही, तक्रार नाही. मी एकटाच समोर बसून रडलो. घरात कुणी नसताना रडायला लाज वाटत नाही.

स्क्रीन विचारत होती, हा कॉम्प्युटर कोण वापरणार, नाव लिहा. आधी हिचं लिहिलं. मग पुसून माझं लिहिलं.

हिचा चष्मा लावूनच लिहिलं. काल न्यायचा राहिला. विसरली असेल.