बंबांच्या ठाण्याची घंटा

धारवाड,
१२ डिसेंबर २००२

प्रिय विमलअक्का,

तुला आणि भावोजींना नमस्कार. इकडे थंडी पडलीय, सकाळी सुभाष रोडवर स्वेटर घातल्याशिवाय जाववत नाही. माझं ठीक चाललंय. अनसूयाबाईंकडून डबा येतो, त्यामुळे जेवणाचे हाल नाहीत.

कामात गुंतलो होतो. हुबळीत आगीच्या बंबांचं नवं ठाणं होतंय. त्याची वीज, पाणी, हवा, सगळी आखणी माझ्याकडे आहे. साधं काम नाही गं. खाली बंब सुरू झाले की धूर वर जवानांच्या झोपायच्या खोलीत शिरता कामा नये, म्हणून मोठे पंखे. वीज गेली तरी टाकी भरत राहिली पाहिजे, म्हणून पंपाला वेगळा जनरेटर. आणि घंटा. ती कर्ण्यांतून वाजते, आवाज कमी-जास्त करता येतो. गाढ झोपलेला माणूससुद्धा तिनं उठला पाहिजे.

सोमवारी तिची चाचणी घेतली. मी खाली अंगणात, वायरमन चेतन वर. त्यानं बटण दाबलं. मला आवाज बारीक वाटला. मी हातानं वाढव म्हणून खूण केली. मग ओरडलो, "अजून!" झाडावरचे कावळे उडाले, दोन जवान कानांवर हात ठेवून जिन्यानं पळत खाली आले, तरी माझं "अजून, अजून" चालूच. शेवटी ठाण्याचे अधिकारी हिरेमठ यांनी माझा दंड धरला. "साकु री सर, साकु!" पुरे म्हणताहेत, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

मग ते मला चहाला घेऊन गेले. समोर बसून सावकाश कानडीत म्हणाले, "आमच्या एका ड्रायव्हरचंही असंच झालंय, जन्मभर भोंग्याखाली बसून. घंटा वाजली की शेजारच्या खाटेवरचा त्याला हलवून उठवतो. तुम्हाला घरी कोण हलवतं?"



अक्का, मला ऐकू येत नाही. डावा कान गेलाच आहे, उजव्यात थोडं उरलंय. कधीपासून, ते नीट सांगताही येणार नाही. मंगला गेली आणि घर शांत झालं. ती नाही म्हणून शांत आहे, असंच मी धरून चाललो. घरात बोलणारं दुसरं कोणी असतं तर आधी कळलं असतं. कळल्यावरही कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या इंजिनिअरला काम कोण देणार?

दिवाळीत तुझा फोन आला, तेव्हा मला नुसती खरखर ऐकू येत होती. फराळाचं, सुनेचं सांगत असशील असं समजून मी "छान, छान" म्हणत राहिलो. "मजा करा" म्हणून फोन ठेवला.

परवा मयूर कामासाठी हुबळीला आला होता. ठाण्यावर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "बाबा दवाखान्यात मरता मरता वाचले, मामा, आणि तुम्ही आईला मजा करा म्हणालात?" तो ओरडत होता, म्हणून मला शब्द न् शब्द कळला. त्याला खरं सांगायला माझं तोंडच उघडेना. तो तसाच निघून गेला.

काल मी आराखडा बदलला. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक दिवा, घंटेबरोबर लागणारा. हिरेमठांनी लगेच होकार दिला. घरी येऊन हे कुणाला सांगावं म्हटलं, तर कोणी नव्हतं.

रविवारी मी मिरजेला येतोय. भावोजींच्या पायांवर डोकं ठेवायचंय. दार उघडलंस तर मला समोर बसव आणि जे बोलायचंय ते बोल, रागाचंही. तुझ्या ओठांवरून मला कळेल. नाही उघडलंस, तर आत तुम्ही काय बोलताय ते काही मला ऐकू यायचं नाही. पायरीवर थोडा वेळ बसेन आणि परत जाईन.

तू टाकलंस तरी तुझाच,
सुधींद्र