मेंदूतली गस्त

वारणानगर,
८ नोव्हेंबर २००४

चि. दीप्तीस,
सप्रेम जय भीम. वि. वि. इकडं सगळं बरं हाय. पेपरातली तुझी मुलाखत वाचली. शरीरक्रियाशास्त्राची प्राध्यापक म्हणून फोटो झोकात आलाय; आई गल्लीभर दाखवत सुटली.

पण आत काय बरळलीयस? मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात, त्या म्हणं मेंदूच्या वेसकर! अगं शहाणे, आपल्या आज्ज्यानं छप्पन्न साली वेसकराची काठी चुलीत घातली, गावाची राखण आता आमच्याकडं न्हाय म्हणून ठणकावलं. ती काठी तू उचलून मेंदूत नेऊन ठेवलीस व्हय?

दुसरं. एकवीस तारखेच्या व्याख्यानात आमच्या दीक्षाच्या फिटचा विषय काढायचा न्हाय. गडहिंग्लजच्या पावण्यांनी पोरगी पसंत केलीय. तीही मंडळी तुझं व्याख्यान ऐकायला येणारायत. फिटचं लग्नानंतर बघू. गोळ्या डब्यात घालून देतो.

राग मोठा हाय, जीव त्याहून मोठा हाय.
तुझा दादा,
संग्राम

कोल्हापूर,
११ नोव्हेंबर

ती. दादास,
सप्रेम जय भीम. शब्दाचं तुझं शंभर टक्के खरं. सोपं करून सांगायच्या नादात जीभ घसरली. आता 'गस्तवाल्या पेशी' म्हणेन. इतकी खरमरीत टीका माझ्या गाइडनंसुद्धा केली नव्हती.

या पेशी मेंदूला मार लागला की धावतात. माझ्या उंदरांत दिसतंय की धोका टळला तरी काही पेशी शांतच होत नाहीत, आणि त्यांच्या स्रावांनी शेजारच्या चेतापेशी चिडतात. फिटचं एक मूळ तिथं असावं, असं मला वाटतं. आमचे विभागप्रमुख म्हणतात, फिट हा विजेचा खेळ, त्यात या पेशींचा काय संबंध? दोन वेळा माझा संशोधनाचा प्रस्ताव परत पाठवला. मी तिसऱ्यांदा देणार आहे.

दीक्षाचं नाव मी घेणार नाही, तो तिचा अधिकार. पण पावण्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. चोरून गोळ्या खाऊन संसार होतो का रे? एक गोळी चुकली आणि ती फिट येऊन चुलीपाशी पडली म्हणजे? पोरीनं काय गुन्हा केलाय? मला याचा संताप येतो, दादा. तिला पुढच्या रांगेत बसव.

भांड हवं तेवढं, पण ये नक्की.
तुझी,
दीप्ती

वारणानगर,
२४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. जय भीम. तुझ्या व्याख्यानातलं दुसरं चित्र आठवतंय, त्यानंतर थेट तुझ्या घरातला पंखा. मधलं काहीच नाही. आई विषय बदलते, पप्पा तीन दिवस तोंड उघडत नाहीत. मी त्यांची मान खाली घातली का? माझ्याबाबतीत घडलंय आणि मलाच ठाऊक नाही, हे मला चालणार नाही. गोडगोड करून लिहू नकोस.

तुझी भाची,
दीक्षा

कोल्हापूर,
२६ नोव्हेंबर

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद. आधी पप्पांचं. ते लाजून गप्प नाहीत, ओरडून ओरडून घसा बसलाय त्यांचा.

तुला फिट आली. मी मंचावरून उतरेपर्यंत एका गृहस्थानं पायातली चप्पल काढून तुझ्या नाकाशी धरली. तुझे पप्पा खुर्च्या ओलांडत आले, चप्पल हिसकावली आणि दाराबाहेर भिरकावली. तुला कुशीवर वळवलं आणि सभागृह दणाणेल असं म्हणाले, ही माझी लेक हाय, हिला फिट येती, चपला आपापल्या पायात ठेवा.

मुलाच्या मामांनी उठून विचारलं, हे आधी का सांगितलं नाही? दादा म्हणाला, चुकलं माझं. आता सांगितलंय, समजून घ्यायचं असंल तर बसा, बहीण बोलणार हाय. गडहिंग्लजची मंडळी निघून गेली. दादानं अडवलं नाही.

फिट थांबली, तुझा श्वास नीट चालू झाला. तू झोपलीस, तुझं डोकं त्याच्या मांडीवर. व्याख्यान संपवावं म्हणून मी कागद आवरायला घेतले. तर तिथूनच, त्या बसक्या आवाजात त्यानं मला दटावलं, थांबलीस का, माझ्या पोरीचंच हाय हे, बोल की.

मी बोलले, पोरी.

तुझीच,
आत्या