चौथी नळी

३ मार्च

चौथी नळी संपली! तळ्याच्या तळात एकाखाली एक ठोकून काढलेल्या नळ्यांतली ही, गाळाचा एक मीटर. बोटाबोटाच्या अंतरावरून चिमूटभर काढून काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकावर वाकून मान धरली आहे. डोळे मिटले तरी चकत्या दिसतात.

चकत्या म्हणजे गोल शेवाळं. लॅटिन नावं कागदावर, मनात मी असंच म्हणते. चकत्या असल्या की पाणी खोल आणि गोडं. लांबट, मध्ये चीर असलेले ते गहू. गहू आले की समजायचं, पाणी आटलंय, खारावलंय. शेवाळ मरतं, त्याचं काचेचं कवच गाळात हजारो वर्षं राहतं. एवढंच आमचं शास्त्र — बाकी हमाली.

चौथ्या नळीत तळं एकदा आटलेलं दिसतं. शेकडो वर्षं हळूहळू आटलं, आणि मग बघता बघता भरलं. सर खूश. "पेपर लिहायला घे," म्हणाले.

७ मार्च

दादाचा फोन. त्याच्या होड्या याच तळ्यावर. आम्ही दोघं तिथेच वाढलो, तो तिथेच राहिला. धक्क्याच्या आणखी दोन पायऱ्या उघड्या पडल्यात म्हणे. वहिनीच्या भावाने शहरात गोदामावर काम देऊ केलंय, वहिनी एका पायावर तयार आहे. दादाचा पाय निघत नाही.

"तू त्या चिखलात डोकं घालून बसतेस ना? मग सांग की. पाणी परत येईल?"

म्हटलं, माझं तळं चार हजार वर्षांपूर्वीचं, तुझं या उन्हाळ्यातलं.

"तळं तेच ना गं?"

जे मोजलं ते सांगितलं. जातं तेव्हा सावकाश जातं, येतं तेव्हा झपाट्याने येतं.

"बस! मग थांबतो."

मागून वहिनी काहीतरी बोलली. फोन बंद.

१५ मार्च

दादाने गोदामाला नाही कळवून टाकलं. वहिनीने अबोला धरलाय. त्याच्याशी, आणि माझ्याशीही. व्हायचंच.

१९ मार्च

आकृतीसाठी चौथ्या नळीचे फोटो काढत होते. मध्ये पुराचा एक थर आहे. पुरानंतर रेती आधी तळाला बसते, बारीक माती मागाहून — ग्लासात ढवळून कोणीही बघावं. म्हणजे रेती खाली, माती वर. इथे माती खाली, रेती वर!

वाटलं, फोटोच उलटा धरलाय. नव्हता.

शीतकपाटातून नळी काढली. बाकी सगळ्या नळ्यांना वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्या टोकाला काळं. हिला दोन्हीकडे काळं. लाल संपली असतील. अंगावर मार्करने बाण काढलाय. बाण म्हणजे वरची बाजू, आमच्याकडे ही काळ्या दगडावरची रेघ. कोणी विचारतसुद्धा नाही.

जेवले नाही.

२० मार्च

तराफ्यावरून गाळात नळ्या ठोकणाऱ्या ड्रिलवाल्याला फोन केला. बाण कोणी काढला?

"मीच की."

कुठल्या दिशेने?

"नळी घुसली त्या दिशेने. दुसरा कुठला काढणार? खाली!"

जन्मभर बोअरवेल मारलेला माणूस. त्यांच्यात बाण खालीच जातो. आणि गाळाचं वय आम्ही तपासलं ते फक्त सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या नळीचं. चौथीने तोंड उघडायचं कारणच नव्हतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पालथे घाल आकडे," म्हणाले.

घातले. तळं बोटभर गाळात आटलं. दहा-पंधरा वर्षं, फार तर. परत भरायला जवळजवळ उरलेली सगळी नळी लागली. शेकडो वर्षं.

"हा तर आणखी चांगला पेपर!" सर म्हणाले. खरं आहे. मला मात्र त्यांचा इतका राग आला की उठून बाहेर गेले.

२१ मार्च

दादाला सांगितलं. नळी उलटी होती. जातं तेच झपाट्याने. येतं ते तुझ्या नातवंडांच्याही नशिबात नाही.

मग म्हणाला, "बाकीच्या नळ्या बघितल्यास? आणखी एखादी उलटी असेल. बघ ना नीट."

नाही रे, बाकी सगळ्यांना लाल टोपणं आहेत.

"पण ते झालं जुनं. आत्ताचं पाणी मी रोज पितो, गोडं आहे. धक्क्याखालचा गाळ पाठवतो बाटलीत. तो बघ, मग बोल."

वहिनीला विचारलंस का, म्हटलं, गोदामाची जागा अजून आहे का?

"तू आधी गाळ बघ."

हट्टी. लहानपणापासून असाच, पडला तरी नाक वर. माझं काम मोजायचं, काळजी करायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. इथे कोणी वाचत नाही, म्हणून लिहिते — मला भीती वाटते.

२६ मार्च

बाटली आली. झाकणावर चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे. एक थेंब सांडू दिला नाही पठ्ठ्याने! ॲसिडमध्ये उकळून ठेवलाय. कवचं उद्या दिसतील.

२७ मार्च

चकत्या आहेत. शोधाव्या लागल्या. बाकी सगळे गहू.

मोजले नाहीत. दादाला फोन लावला, म्हटलं, वहिनीला दे. ती हॅलोसुद्धा म्हणाली नाही.

"वहिनी," म्हटलं, "सामान बांधायला घे."