जागा पाचवी

२३ नोव्हेंबर, सोमवार

हॉटेलच्या गच्चीवरून पूल दिसत नाही म्हणजे नाही! तीनदा चढले, उतरले. पाण्याची टाकी बरोब्बर पुलाच्या मधोमध येते. दोन्ही टोकांचे दिवे दिसतात आणि मध्ये काळा ढोल. सोपानशेठ म्हणाले, "सविता, टाकी हलवू का?" मला क्षणभर खरंच वाटलं.

दरीवरचा नवा पूल सुरू झाल्यापासून काउंटरवर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारतं — रात्री पूल कुठून दिसतो? चिक्की कुठली चांगली, हे आता कुणी विचारत नाही. म्हणून शेठनी काम दिलंय: पूल बघायच्या पाच उत्तम जागा शोधायच्या, मजकूर लिहायचा, फोटो काढायचे. एक बोर्ड काउंटरवर आणि तेच हॉटेलच्या पेजवर. "तुझं मराठी चांगलं आहे," म्हणाले. बी.ए. केल्याचं सोळा वर्षांनी सार्थक झालं म्हणायचं. खुश आहे मी. उगाच का खोटं लिहू.

२५ नोव्हेंबर

जागा पहिली — जुन्या हायवेच्या वळणावरची वडापावची टपरी. पूल अर्धा दिसतो, पण वडा पूर्ण मिळतो. जागा दुसरी — त्याच्या पुढचा कठडा. इथून सुंदर! तारा खालून वर उजळत जातात. दोन फोटो काढले तेवढ्यात हवालदार आले, "मॅडम, गाडी काढा, इथं थांबायचं नाही." मी म्हटलं, मी हॉटेलची माणूस. म्हणाले, मग हॉटेलात थांबा.

दुसरी जागा रद्द.

२६ नोव्हेंबर

सर्दी. हे म्हणाले, पुलानं आणली. आंबीच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस, त्याला विनोद सुचतात.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सापडली. आणि सापडली कुठं तर आमच्याच गावाच्या डोक्यावर! वरचा सडा. सगळा उघडा कातळ, समोर आडवं काही नाही, थेट दरी आणि दरीवर तो पूल. संध्याकाळी साडेसहाला दिवे लागले तेव्हा मी एकटीच "अगं बाई!" म्हणून ओरडले. लहानपणी इथं यायचोच नाही आम्ही. सड्याची वाट वस्तीतून जाते आणि आमच्या घरातलं कुणी त्या अंगाला जायचं नाही. बौद्धवस्ती तिकडं, आमचं घर इकडं, मध्ये शाळा.

फोटो मात्र फक्कड आला. पुढच्या बाजूला कुणीतरी गोलात दगड मांडून ठेवलेत, मध्ये एक काटकी, अंधारात वाळकीच वाटली. शेकोटीसाठी असणार. फोटोत छान दिसतंय ते.

खाली वस्तीत हिरामावशीच्या घरात दिवा होता. वरून दिसला. जाऊन भेटायला हवं होतं. पण उशीर झाला होता, गाडीचा हेडलाइट मंद आहे, वगैरे. मागच्या चढाच्या वाटेनं उतरले. ती वाट लांबची आहे.

३० नोव्हेंबर

लिहून झालं. मधल्या जागा कशाबशा भरल्या. पाचव्या जागेचा मजकूर इथं उतरवून ठेवते, मला आवडलाय:

"जागा पाचवी आणि सर्वांत उत्तम. निर्जन, मोकळा कातळ. गाडी थेट वर जाते. इथं कुणाचाच वावर नसल्यानं निवांत बसता येतं. थंडीत शेकोटी करायची असेल तर दगड आयते मांडलेले आहेत!"

सोपानशेठनी शेवटची ओळ दोनदा वाचली. "वा. म्हणजे माणसाला जावंसंच वाटलं पाहिजे."

८ डिसेंबर

जातायत! शनिवारी नऊ गाड्या गेल्या म्हणे. पेजवर लोक मला 'लोकल एक्स्पर्ट' म्हणतायत. हॉटेलात एक काका खास येऊन हात जोडून गेले. मी मान अशी वाकवली की जणू पूल मीच बांधला.

१३ डिसेंबर, रविवार

दादरचं एक जोडपं, खोली १०४. परत आल्यावर ती बाई म्हणाली, "जागा अप्रतिम. पण निर्जन कुठं? एक आजी आल्या तांब्याभांडं घेऊन. सगळ्यांना पाणी दिलं. आणि विचारत होत्या, प्रदीपला ओळखत होता का? कोण हो प्रदीप?"

मी म्हटलं, माहीत नाही.

माहीत नाही! दहावीला शेजारच्या रांगेत बसायचा. भूमितीचं एकेक प्रमेय त्यानं मला मधल्या सुट्टीत गळी उतरवलंय, नाहीतर मी आज काउंटरमागं उभी राहायच्याही लायकीची नसते. हिरामावशीचा मुलगा. वायरमन झाला. चार वर्षांपूर्वी आमच्याच हॉटेलचा साइनबोर्ड बसवायला आला होता. शिडीवरून हाक मारली, "सवे, वळख हाय का?" शेठ बाजूलाच होते. मी त्यांना म्हटलं, "आमच्या गावचा आहे." एवढंच. वर्गातला, असं नाही म्हटलं. तो हसला आणि स्क्रू पिळत राहिला.

तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. पस्तिशी पण नव्हती.

मी भेटायला गेले नाही. सत्यमची, माझ्या भावाची, हळद होती त्याच आठवड्यात. मग आठवडा उलटला. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कसं जायचं? मग महिना. मग जेवढा उशीर जास्त तेवढं तोंड दाखवणं अवघड, असं करत करत तीन वर्षं.

बोर्डावरून पाचवी जागा काढायला हवी. म्हातारीला रोज एवढ्या माणसांचा त्रास. पण नाताळचं बुकिंग तोंडावर आहे आणि — खरं लिही, सविता — लोक कौतुक करतायत. उद्या बघू.

१६ डिसेंबर

नाही काढली.

२० डिसेंबर, रविवार

प्रतीक्षा आली होती. प्रदीपची धाकटी बहीण, तळेगावला बँकेत आहे. काउंटरवर गर्दी होती. तिनं रांग मोडली नाही. तिसरी उभी राहिली, पाळी आल्यावर पुढं आली. मला वाटलं, खोली हवी असेल. मी हसले पण!

तिनं मोबाइल समोर धरला. "ताई, हे तू लिहिलंस?"

मी म्हटलं, हो.

तिनं वाचून दाखवलं. मोठ्यानं नाही, पण मागच्या माणसांना ऐकू जाईल इतकं. "शेकोटीसाठी दगड आयते मांडलेले आहेत." मग म्हणाली, "काल रात्री पेटवली त्यांनी. आयते होते ना."

मला कळेना.

"तिथं दादाच्या अस्थी आहेत, ताई. आम्ही पाण्यात सोडल्या नाहीत. वर पिंपळ लावला होता. कातळात माती भरून, आईनं खालून हंड्यानं पाणी नेऊन जगवला होता तीन वर्षं. बोटाएवढं खोड झालं होतं."

ती वाळकी काटकी.

मी काहीतरी म्हणाले. बहुतेक, "मला माहीत नव्हतं" असं. तर म्हणाली, "कसं असणार? दादाच्या पुण्यानुमोदनाला अख्खा गाव आला होता. ज्यांच्याशी आमचं भांडण होतं ते कोंडाजीआबा पण आले. त्या दिवशी आला त्या प्रत्येकाला माहीत आहे, ते दगड कसले ते. फक्त तुमच्या घरचं कुणी नव्हतं." आणि मग जाताना, शांतपणे, "आणि 'कुणाचाच वावर नाही' म्हणजे काय गं? आम्ही कोण?"

मागच्या माणसानं विचारलं, चेक-आउट किती वाजता? मी सांगितलं, अकरा.

२१ डिसेंबर

बोर्ड उतरवला. पेजवरचं पण काढलं. शेठ म्हणाले, "नाताळ होऊ दे की, मग काढ." मी सांगितलं का ते. म्हणाले, "साइनबोर्डवाला तो? तू म्हणाली होतीस, गावचा आहे." मी म्हटलं, वर्गातला होता. चार वर्षं उशिरा म्हटलं.

झोप नाही. आज लिहूनच टाकते, म्हणजे हळदीच्या मागं लपता येणार नाही.

हळद होतीच. पण प्रदीप गेला तो मंगळवारी आणि हळद होती रविवारी. मधे चार दिवस होते. मी बुधवारी गावी गेले होते, साडी बदलून निघाले पण होते. दारात आई म्हणाली, "जायचं तर जा. पर तितं चहा घ्यावा लागंल. न्हाई म्हनता यायचं न्हाई मौतीच्या घरात." बस्स. एवढंच म्हणाली. अडवलं नाही.

आणि मला काय वाटलं? मला हायसं वाटलं. चहाचं मला काही नाही, हॉटेलात मी कुणाच्याही हातचं खाते-पिते. पण मेलेल्याच्या आईसमोर बसायची भीती वाटत होती आणि आईनं मला आयतं कारण दिलं. मी चपला काढल्या आणि पाहुण्यांची यादी करायला बसले. कारण घाणेरडं आहे हे तेव्हाच कळत होतं. तरी घेतलं.

आईला दोष देऊन मोकळी होते का बघितलं. नाही होता येत.

२४ डिसेंबर

आज जाणार होते. गेले नाही. हॉटेल फुल.

२५ डिसेंबर

हॉटेल फुल नव्हतं काल. दोन खोल्या रिकाम्या होत्या.

२७ डिसेंबर, रविवार

गेले. भर दुपारी, वस्तीतून, सरळ रस्त्यानं. किती वेळा ब्रेक दाबला देव जाणे.

हिरामावशी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. बारीक झालीय. मान वर करून म्हणाली, "सवू व्हय? ये. बस."

मी उभ्यानंच बोलत सुटले — मावशी, मी लिहिलं, माझ्यामुळं झालं, मला माहीत नव्हतं, मी तेव्हा यायला हवं होतं. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "पोरांनी थंडीला जाळ केला. त्यास्नी काय म्हाईत? सकाळी मीच पानी वतलं." मग आणखी एक शेंग सोलून, "तुला म्हाईत असाया पायजे व्हतं."

रागावून नाही म्हणाली. भाव सांगावा तसं.

मी म्हटलं, आता माणसं यायची बंद होतील, मी सगळं काढून टाकलंय. मला वाटलं, तिला बरं वाटेल! तर हात थांबला. "का गं? का काडलंस?"

"तुम्हाला त्रास... आणि तुम्हाला वाटत होतं ना, ते प्रदीपसाठी येतात..."

मावशी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. "आंदळी हाय का मी? पुलाला येत्यात ती. दिवं मला बी दिसत्यात. मी आपली इचारते, परदीपला वळखत व्हता का? न्हाई म्हनत्यात. मंग इचारत्यात, कोन परदीप? मंग मी सांगते." एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "गावात कोन इचारतंय आता? समोर आलं की लोकं पावसापान्याचं बोलत्यात. त्याचं नाव घ्यायला भ्यात्यात. मला वाईट वाटंल म्हनून. त्या परक्या लोकांत तेवडंच नाव निगतं तोंडातनं."

निघाले तासाभरानं. वाटेत लक्षात आलं, मावशीनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दादरच्या बाईला तांब्या भरून नेऊन दिलं आणि मला नाही. विसरली असेल, असं शाळेच्या वळणापर्यंत मनाला समजावलं. पण विसरलेली नाही. आमच्या भातलावणीला यायची तेव्हा आजी तिला वरून पाणी ओतायची आणि ती ओंजळीनं प्यायची. मी तिथंच खेळत असायचे, सगळं बघत. आमच्या घरच्या माणसाला काय विचारायचं नाही, हे तिला आमच्याच अंगणात शिकवलंय आम्ही.

२९ डिसेंबर

आईला फोनवर सांगितलं, मावशीकडं जाऊन आले. आई म्हणाली, "बरं केलंस." मग म्हणाली, "चहा घेतलास?" मी म्हटलं, दिलाच नाही. आईनं फोन ठेवला.

३ जानेवारी, रविवार

परत गेले. ह्या वेळी दारातच म्हटलं, "मावशी, चहा टाका की." मावशीनं माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. म्हणाली, "दूध न्हाई गं." चुलीशेजारी दुधाचं पातेलं होतं, सायीसकट, दोघींना दिसत होतं.

मी उठले नाही. अंधार पडेपर्यंत बसले. बोर्ड काढला तरी ऐकून ऐकून गाड्या येतातच. दोन मुली उतरल्या, पुण्याच्या असाव्यात. मावशी तांब्या घेऊन सड्यावर चढली, मागं मी. काळ्या दगडांमध्ये प्रतीक्षानं नवं रोप लावलंय. समोर पुलावर दिवे लागले. मावशीनं पाणी दिलं, नेहमीसारखं विचारलं. मुली म्हणाल्या, नाही हो आजी, कोण प्रदीप?

मावशीनं माझ्याकडं हात केला. "हिला इचारा. वर्गात व्हती त्याच्या."