न पडलेला कौल

बाबा, तुम्ही असतात तर आज मला हसला असतात. कुडाळच्या एका कारखान्याचा हजेरीचा जुना प्रोग्राम मी सांभाळते. तो ज्या जुन्या सी भाषेत लिहिलाय, तिच्यात खरं-खोटं अशी वेगळी जातच नव्हती. शून्य म्हणजे खोटं, बाकी कुठलाही आकडा खरा. कॉलेजात त्याआधी बेसिक नावाची भाषा शिकले, तिथे तर खरं म्हणजे उणे एक. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा कळशी खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "खरां ता उणां कसां गो? म्हणजे खरां बोलणाऱ्याक तोटोच!" मी आणि दादा हसून लोळलो होतो. तेव्हा दादा घरात होता.

आज त्या प्रोग्रामने एका कामगाराला गैरहजर ठरवलं. त्याच्याबद्दल कुणी काही भरलंच नव्हतं. पण तिथे रिकाम्या जागी शून्य बसतं आणि शून्य म्हणजे नाही. बिचारा खिडकीशी येऊन विचारत होता, "मी हयच आसय मां?" मला आपलं देऊळच आठवत राहिलं.

दादा खलाशी म्हणून गेला ती होडी परत आली नाही. तुम्ही तोंडवलीच्या देवळाचे गुरव, अख्ख्या गावाचे कौल तुम्हीच लावायचात. भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या मुलासाठी कौल लावता, झील जिवंत आसा काय? दिवस कलतो तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. दारातून आई म्हणते, "आता तेचां काय ता करा. माका एकदा रडाक तरी द्या." मी चार बुकं शिकलेली. म्हणते, "बाबा, पडली नाही म्हणजे नाहीच की!" तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. त्या दिवशी ओरडलात, "देव गप ऱ्हवलो, म्हणान आपण तेच्या तोंडात 'नाय' घालूचा नाय!"

तुम्ही दादाचं दिवसकार्य केलं नाहीत, कुणाला करू दिलं नाहीत. आई कुंकू लावताना आरशातसुद्धा बघायची नाही. ती कुढत कुढत गेली आणि मागोमाग तुम्हीही. तिच्यासाठी मला तुमचा राग येतो, अजूनही येतो.

प्रोग्रामात मी आज तिसरा आकडा घातला, 'माहीत नाही' असा. दोन ओळींचं काम, इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं. घरी जाताना देवळात शिरले. पूजा आता चुलतभाऊ करतो. पाकळ्या भिजवून त्यानेच विचारलं, "दादासाठी लावया काय गो कौल?" मी घाईघाईने नको म्हटलं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आईच्या बाजूने आयुष्यभर तुमच्याशी भांडले, बाबा, आणि आज मलाच भीती वाटली, डावी पडली तर.